तीन नंबरचा कागद

अंबालालभाईंवर लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. गेल्या महिन्यात मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यानं सहज विचारलं, की बुडालेल्या कंपन्यांचे जुने शेअरचे कागद लोक म्हणे हौसेनं जमवतात, त्या रद्दीत असं असतं तरी काय? बायको म्हणाली, "यांना विचारा, यांच्या जुन्या हेडक्लार्कांना तोच नाद होता." मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून विषय बदलला. त्या रात्री जेवण गेलं नाही. म्हणून आता लिहायला बसलो आहे.

नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसमध्ये मी कारकून म्हणून लागलो तेव्हा पंचविशीत होतो. अंबालालभाई हेडक्लार्क होते, पन्नाशी ओलांडलेले. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरातले, पण शेतीत मन न रमलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती मुलगी गुजरातेत व्याऱ्याला दिलेली होती. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी. हात मात्र बाईमाणसासारखे नीटस. हे हात ते दिवसातून दहा वेळा धूत आणि धुतल्यावर पुसत नसत. वाऱ्यावर धरून उभे राहत. मीही तसंच करावं असा त्यांचा आग्रह होता.

"सुधाकर भो, हात सुकनात का?"

"सुकनात भाई."

"दाखाड."

मी हात पुढे करायचा. ते आपल्या मनगटाची मागची बाजू माझ्या तळव्याला टेकवून पाहायचे. मगच रजिस्टर पुढे सरकवायचे. थुंकी लावून पान उलटणारा माणूस त्यांना कसायासारखा वाटे. शेठजींनी एकदा त्यांच्यादेखत जीभ लावून पान उलटलं, तर भाई खुर्चीवरून उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. शेठजी हसले. म्हणाले, "अंबालाल, तुन्ही बायको ऱ्हायती तं तिले तू हात धोईसनच हात लावता!" भाईंनीही हसून घेतलं, पण वळले नाहीत.

हे हात ते ज्याच्यासाठी जपत, तो त्यांचा खजिना घरातल्या एका पत्र्याच्या पेटीत होता. एक्केचाळीस शेअर सर्टिफिकेटं, सगळी मेलेल्या कंपन्यांची. कोणाची गिरणी उभी राहण्याआधी बुडालेली, कोणाचं जहाज गोदीतच कुजलेलं. चालू कंपनीचा कागद ते हातात घेत नसत. "कंपनी जिती शे तवलोंग कागज मुका ऱ्हास," असं म्हणत. "मरनी का बोलाले लागस."

हे कागद ते मिळवत कसे, ते सांगतो. व्यापाऱ्यांच्या माळ्यावरचं जुनं दप्तर रद्दीत निघे, आणि रद्दी किराणा दुकानात पुड्या बांधायला जाई. दर गुरुवारी ऑफिस सुटल्यावर भाई बाजारातून एक फेरी मारत आणि दुकानदाराच्या रद्दीच्या गठ्ठ्याकडे तिरप्या नजरेनं पाहत. एकदा मी बरोबर होतो. एका दुकानात गठ्ठ्याच्या वरच एक जाड, हिरवट कागद होता. भाईंनी तो मागितला असता, तर दुकानदारानं कान टवकारले असते. म्हणून त्यांनी पावशेर लाल मिरची मागितली. दुकानदारानं दुसराच कागद उचलला. भाई म्हणाले, "त्या जाड कागदमां बांध, वाटमां फाटी जास." पुडी घेतली, दहा पावलं गेले, परत आले, मिरची जपून दुकानदाराच्या पाटीत ओतली आणि कागदाची घडी खिशात घातली.

दुकानदार ओरडला, "ओ भाई, मिरची तं आठेच ऱ्हायनी!"

"मिरची तुन्ही. माले कागज जोयजे व्हता."

घरी जाऊन त्यांनी कापसाच्या बोळ्यानं त्या कागदावरची मिरचीची पूड अशी टिपली, की बघणाऱ्याला श्वास धरावा लागे. मग मला शेजारी बसवून शिकवणी सुरू झाली. एकाच कंपनीचे दोन कागद समोर ठेवले. चित्र तेच, चिमण्या त्याच, धूर तोच. त्यांनी विचारलं, यातला चांगला कोणता? मी स्वच्छ दिसणारा दाखवला. त्यांनी तो उजेडासमोर धरला. मधोमध टाचणीएवढ्या भोकांची रांग होती. कंपनीनं रद्द करताना पाडलेली. दुसरा मळका होता, पण त्याला भोक नव्हतं, खालची लाभांशाची कूपनं कोणी कापली नव्हती, उठावाचा शिक्का बोटाला लागत होता आणि नंबर होता अठरा. पहिल्याचा नंबर दोन हजारांच्या पुढे. "आकडा जितका लहान," ते म्हणाले, "तितका तो मानूस कंपनीना जन्मना वखतले जोडे व्हता." आणि सही. छापलेली सही म्हणजे काहीच नाही. माणसानं स्वतः बसून, शाईत टाक बुडवून केलेली सही असेल तर तो कागद वेगळा. त्या क्षणी त्या माणसाला वाटत होतं की आपलं सगळं चांगलं होणार आहे, आणि ते वाटणं तेवढं सहीत राहिलं आहे, असं काहीसं ते सांगत. मला तेव्हा ते नीट समजलं नाही.

त्यांच्या पेटीत सगळ्यात वरचा कागद होता एका ट्रामवे कंपनीचा. सातपुड्यातलं लाकूड ट्रामच्या छोट्या रुळांवरून खाली आणायचं, अशी साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी काढलेली ही कंपनी. रूळ एकही पडला नाही. पण कागदावर पूल होता, पुलावर इंजिन होतं, खाली नदी आणि मागे डोंगर. नंबर तीन. खाली संस्थापकाची जांभळ्या शाईतली लांबलचक सही. असे कागद आता चार-दोन उरले असतील, असं भाई म्हणत. हा त्यांना आजोळच्या माळ्यावर मिळाला होता आणि तिथूनच नाद लागला होता.

या एक्केचाळीस कागदांची त्यांनी यादी केलेली नव्हती. यादी डोक्यात होती. रोज सकाळी खुर्चीवर बसण्याआधी ते डोळे मिटून ओठ हलवत. नवी माणसं समजत, भाई स्तोत्र म्हणतात. ते कंपन्यांची नावं आणि नंबर म्हणत असत. एकदा मी विचारलं, लिहून का ठेवत नाही? तेव्हा त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली.

वडील जिनमध्येच कापूस तोलणारे तोलार होते. वयाच्या पंचावन्नच्या सुमाराला त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी काठी कुठे ठेवली ते, मग कोणाला काय दिलं ते. एक दिवस आंघोळीला म्हणून तापीवर गेले ते आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच गावच्या शिवारात सापडले, पायाला फोड. अंबालालभाई धावत गेले, पाणी पाजलं. वडिलांनी पाणी प्यायलं आणि मायेनं विचारलं, "भाऊ, तू कोन्हा पोऱ्या शे? घर जाय. तुन्हा बाप तुन्ही वाट देखी ऱ्हायना व्हई."

हे सांगताना भाईंचा आवाज नेहमीचाच होता. फक्त हात मांडीखाली घातले होते. "मी रोज म्हनी देखस," ते म्हणाले. "एक्केचाळीस बराबर उनात, का मंग दिवस सुरू." मरणाची भीती त्यांना नव्हती. ही एकच भीती होती आणि ती त्यांनी फक्त मला सांगितली होती. म्हणजे पुढे जे मी केलं, ते माहीत असून केलं.

त्या वर्षी हंगामाच्या शेवटी, वैशाखात, आमच्या गोदामाला छोटी आग लागली. पाहणीला विमा कंपनीचा एक साहेब मुंबईहून आला आणि डाक बंगल्यात उतरला. कागदपत्रं घेऊन मी त्याच्याकडे जात असे. बोलता बोलता कळलं की त्यालाही जुन्या सर्टिफिकेटांचा नाद आहे. मी लगेच भाईंकडून शिकलेलं सगळं स्वतःचं म्हणून बोलून गेलो. भोकं, कूपनं, लहान नंबर. साहेब माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागला. त्या नजरेची चटक लागली. ट्रामवेचा तीन नंबर मी पाहिला आहे म्हणालो. तो म्हणाला, "शक्य नाही. तीन नंबर कोणी पाहिलेला नाही."

भाई तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी आठ दिवस व्याऱ्याला गेले होते. घराची आणि पेटीची किल्ली माझ्याकडे होती. तुळशीला पाणी घालायचं आणि पेटीखाली वाळवी आली नाही ना ते पाहायचं, एवढंच काम. रविवारी भर दुपारी मी कागद काढला आणि सायकलवर डाक बंगल्यात गेलो.

साहेबानं हात धुतले. भिंग काढलं. सहीवरून ते हळूहळू फिरवलं. मग म्हणाला, "सही हातची आहे. आणि शाई बघा, कालच केल्यासारखी. ही सही आहे म्हणून हा कागद आहे. नाहीतर नुसतं इंजिनाचं चित्र." विकत देता का, असंही त्यानं विचारलं. मी ऐटीत नाही म्हणालो.

परत निघालो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. हातात काही दिसू नये म्हणून कागद सदऱ्याच्या आत पोटाशी ठेवला होता. भाईंच्या दारात पोहोचतो तर शेजारचे शिंपीकाका ओट्यावर बसलेले. "काय रे, भाई नही ना घर? ये, बठ, चहा ली." नको म्हणालो असतो तर काय झालं असतं? काही नाही. पण मला वाटलं यांना संशय येईल. म्हणून बसलो. त्यांनी आपल्या गुडघेदुखीपासून सुरुवात केली. घाम गळ्यापासून पोटापर्यंत वाहत होता, आणि मी हं, हं करत गरम चहा पीत होतो. अर्धा तास गेला असेल.

आत जाऊन कागद काढला. पूल होता, इंजिन होतं, नदी होती. सहीच्या जागी जांभळा डाग होता आणि माझ्या पोटावर तसाच दुसरा.

मी तो पुसून पाहिला, वाळवून पाहिला, पाटाखाली दाबून ठेवला. शेवटी दुसऱ्या दिवशी जिनमध्ये नेला आणि कोणी नाही असं पाहून बॉयलरच्या तोंडात टाकला. कागद ठेवून भाईंना सांगता आलं असतं, हे मला जळून गेल्यावर सुचलं.

भाई परत आले. नातू झाला म्हणून पेढे वाटले. पावसाळ्यात ते पेटी उघडत नसत, ओलाव्याला भीत. दसऱ्याआधीच्या रविवारी कागदांना ऊन दाखवायचं, हा त्यांचा नेम, आणि दरवर्षी त्या दिवशी मी मदतीला असे. म्हणजे माझ्याकडे चार-साडेचार महिने होते. त्या महिन्यांत "सुधाकर" अशी हाक आली की मला वाटायचं, आज पेटी उघडली. रोज सकाळी ते डोळे मिटून ओठ हलवू लागले, की मी त्यांच्या तोंडाकडे पाहायचो. तीन नंबर सगळ्यात पहिला. तो म्हटला की ते किंचित हसत. रोज मी ठरवायचो, आज सांगायचं. रोज संध्याकाळी घरी जायचो.

तो रविवार आला. गावाबाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या पडू लागल्या होत्या आणि हवेला ठसका होता. अंगणात पांढरं धोतर अंथरलं, हात धुतले, वाऱ्यावर धरले. भाईंनी पेटी उघडली. वरचा कागद पाहिला आणि थांबले. मग एकेक काढून मांडू लागले. प्रत्येकावर धुतलेला गोटा. सगळे मांडून झाले.

"चाळीस," ते म्हणाले.

मी एका कागदावरचा गोटा नीट केला.

"तू मोज."

मी मोजले. "चाळीस."

"तीन नंबर कथा गया?" हा प्रश्न मला नव्हता. ते पेटीच्या रिकाम्या तळाकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, "मन्हा बापनं बी असंच सुरू व्हयनं व्हतं." हात मांडीखाली गेले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि इतका घाबरलो की तोंड आपोआप उघडलं. सांगायला उघडलं होतं. पण बाहेर आलं ते हे:

"भाई, तुम्ही व्याराले गयथात तवय बरोबर ली गयथात ना? जावईले दाखाडसू, अशे म्हनेत ना तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, संशयानंही नाही. आधार सापडल्यासारखं पाहिलं.

"मी ली गयथू?"

"हा भाई."

"हा... व्हई."

त्यांनी जावयाला पत्र टाकलं. उत्तर आलं, असा कागद इकडे आलेला नाही. त्यावर त्यांनी दोन दिवस रजा घेतली. ऑफिसला आले ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "आते याद उनं." मग त्यांनी सांगितलं. नवापूरच्या पुढे गाडी उभी होती. समोर एक म्हातारा बसला होता, पांढऱ्या मिशांचा. भाईंनी कागद पाहायला बाहेर काढला, म्हाताऱ्यानं विचारलं, हे इंजिन कुठलं? भाईंनी त्याच्या हातात दिला. मग गाडी सुटायची शिटी झाली, घाईघाईत म्हातारा कागदासकट उतरला. म्हाताऱ्याच्या बोटात तांब्याची अंगठी होती, हेसुद्धा त्यांना आठवत होतं.

मी ऐकत होतो. त्या म्हाताऱ्याला मी जन्माला घातलं होतं.

त्यानंतर भाईंचं सकाळचं ओठ हलवणं थांबलं. कुलूप लावल्यावर ते अर्ध्या वाटेतून परत जाऊन ओढून पाहत, मग आणखी एकदा. गाठींचे आकडे लिहिले की रजिस्टर माझ्यापुढे सरकवत, "देख भो, बराबर शे का?" मी दोन वर्षं ते आकडे तपासले. एकही चूक कधी सापडली नाही. "सगळं बरोबर शे भाई," असं मी म्हणायचो, आणि ते म्हणायचे, "तू चांगला शे म्हनीसन सांगी ऱ्हायना." शेठजींच्या कानावर गेलंच. भाईंनी स्वतःहून राजीनामा दिला, कोणाचं नुकसान व्हायला नको म्हणून. जाताना शेठजींना सांगून गेले, की माझ्या जागी सुधाकरला बसवा, त्याचं डोकं शाबूत आहे. त्या खुर्चीवर मी बसलो. पगार वाढला, लग्न झालं.

पेटी घेऊन ते व्याऱ्याला मुलीकडे गेले. तिची दोन-तीन पत्रं आली. बाबा बरे आहेत, पण घराबाहेर पाऊल टाकत नाहीत, पेटी उघडत नाहीत, असं लिहिलेलं. मी उत्तरात प्रकृतीची काळजी घ्या असं लिहिलं.

सात वर्षांनी मी गेलो. माझा मुलगा तापानं आजारी होऊन उठला होता. तापाच्या रात्री देवासमोर, सगळं कबूल करीन, असं मी जे बोललो होतो ते पाळायला गेलो. भाई ओसरीवर बसले होते. केस सगळे पांढरे. मला पाहताच ओळखलं, शिंपीकाकांच्या गुडघ्यापासून शेठजींच्या नातींपर्यंत सगळ्यांची नावानं चौकशी केली. एकही नाव चुकलं नाही. त्यांची बुद्धी लख्ख होती. मुलगी म्हणाली, "काहीच विसरत नाहीत हो बाबा. फक्त दार ओलांडत नाहीत. म्हणतात, परत येता आलं नाही तर?"

ती आत गेल्यावर मी सांगितलं. किल्ली, साहेब, सायकल, घाम, बॉयलर. सगळं. अंगणात मी काय खोटं बोललो तेही. डोकं वर करून पाहायचं धाडस झालं नाही.  मग त्यांचा हात माझ्या पाठीवर आला.

"सुधाकर, तुन्हं वय काय आते?"

"छत्तीस."

"लई लवकर," ते म्हणाले.  "मन्हा बापनं पंचावनमां सुरू व्हयनं, मन्हं त्रेपनमां. तुन्हं लई लवकर."

"भाई, मी खरं सांगी ऱ्हायनू. तुम्हीन कागज नेलाच नही."

"असंच व्हस. जे व्हयनं नही तेच डोयासमोर येस. माले म्हाईत शे रे. त्या म्हाताराले मी रोज देखस, त्यानी अंगठी देखस. मन्हा हातथून दिधा कागज." त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. कोरडा आहे का, ते त्यांनी पाहिलं नाही. "तू एकला उना का आठे? घरना लोकेसले सांगीसन उना का?"

मी पुन्हा सुरुवात केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी जितकं बारकाईनं सांगू लागलो, तितके ते अधिक घाबरू लागले. शेवटी माझ्यासाठी घाबरलेल्या त्या माणसासमोर मला गप्प व्हावं लागलं.

संध्याकाळच्या गाडीनं निघालो. जावई पोचवायला येतो म्हणाले. भाईंनी खुंटीवरची टोपी घेतली. मुलगी दारात थबकली. "बाबा?"

"येले एकलं सोडता येत नही," ते म्हणाले आणि उंबरा ओलांडला.

स्टेशनपर्यंत त्यांनी जावयाची बाही सोडली नाही. प्रत्येक वळणावर थांबून मागे पाहत होते. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मी म्हणालो, भाई, परत जा. ते म्हणाले, "चाल तू." मला डब्यात खिडकीशी बसवलं आणि बाहेरून गज धरून उभे राहिले. "झोपू नको. नवापूर गयं का तयार ऱ्हाय. नंदुरबार उनं का उतर." मग समोर बसलेल्या एका अनोळखी माणसाला म्हणाले, "दादा, हाई सुधाकर शे. येले नंदुरबारले उतारी देजो. भलता ठिकाने उतरी जाई."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं आणि समजल्यासारखी मान हलवली. 

गाडी हलली. भाई दोन-चार पावलं बरोबर चालले, एक हात गजाला, एक जावयाच्या बाहीला. मग गज सुटला. ते फलाटावर डोळे घट्ट मिटून उभे होते, आणि मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी हात वर केला होता. पुढच्या हिवाळ्यात ते गेल्याचं पत्र आलं.

तो समोरचा माणूस भला होता. दर स्टेशनला माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणे, "अजून नाही हं." नंदुरबार आलं तेव्हा त्यानं माझं कोपर धरून मला पायरीवरून खाली उतरवलं. मी त्याला ते करू दिलं.